शेवटचा अंतरा



आपल्याकडे समीक्षा पुस्तकाची होते, गाण्याची होत नाही. 1972 ला ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि मराठी वाङ्मयाला घाम फुटला. बरंच झालं. पण 1973 ला वामनदादा कर्डकांचा 'वाटचाल' आला, तो किती समीक्षकांनी उघडला? त्यांच्या लेखी ती 'गाणी'. साहित्यात धरायची नाहीत.

वामनदादा 1922 चे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षर ओळखायला शिकले तेच मोठेपणी. 1943 पासून गाणी रचू लागले, ते 2004 ला जाईपर्यंत. स्वतः गात होतेच. पण हजारांनी लिहिलेली गाणी एक गळा कुठवर नेणार? ती गायन पार्ट्यांनी नेली, कव्वालीच्या सामन्यांनी नेली. आमच्या रिसोड-मानोऱ्याकडे ज्या बायांनी दादांना कधी पाहिलं नाही, त्यांनाही ती तोंडपाठ.

लिहिणाऱ्यानं आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं, ही गोष्ट भावगीतवाल्यांना सोपी. रेडिओवर नाव सांगतात, रेकॉर्डवर छापतात. आपल्या कवीचं नाव कोण पुकारणार? म्हणून वामनदादांनी ते गाण्यातच विणलं. शेवटच्या अंतऱ्यात 'वामन'. चोखोबानं अभंगात हेच केलं होतं. कागद हरवू द्या, पेटीवाला बदलू द्या, चाल फिरू द्या. शेवटाला गाणाऱ्याला नाव घ्यावंच लागतं. कायद्याच्या कागदापेक्षा ही युक्ती पक्की.

अण्णाभाऊंचं वेगळं. 1944 च्या लाल बावटा कलापथकात ते, अमर शेख आणि गव्हाणकर एकत्र. लिहिणारा आणि गाणारा एकाच स्टेजवर. वामनदादांची गाणी मात्र त्यांच्यावाचून गावोगाव फिरली. कोण कुठं काय गाळतोय, बघायला कोण जाणार?

मी जिनिंगमधला हंगामी माणूस. मागं एका गावात जयंतीला माझं गाणं एका पार्टीनं म्हटलं. मी मनात भजनाची चाल धरून लिहिलं होतं, त्यानं ते सरळ कव्वालीवर नेलं. आणि गाणं उभं राहिलं, बाप्पा! मी जिथं 'सरकी' एवढंच लिहून पुढं गेलो होतो, तिथं तो थांबला. तोच शब्द तीनदा घोळवला. बायांच्या रांगेतून हुंकार आला. ज्यांच्या नाकातोंडात रुई जाते त्यांनाच त्या शब्दाचा अर्थ कळतो, आणि गायकाला ते समोर बघून कळलं होतं. कागदाला कळत नाही.

चौथा अंतरा मात्र आलाच नाही. त्यात मजुरीचा हिशेब होता आणि शेवटी माझं नाव. विचारलं तर म्हणतो, "समोर देणगीवाले बसले होते ना भाऊ. त्यायच्या तोंडावर कसं म्हनू?" म्हणजे बाबासाहेबांचा जयजयकार चालतो, मजुरी चालत नाही. नाव गेलं त्याचं मला फार नाही. पण नाव हिशेबाला बांधलेलं होतं. दोन्ही एकदम गेले.

माझं म्हणणं एवढंच, की चाल गायकाची. श्वास कुठं घ्यायचा, शब्द कुठं घोळवायचा, तेही त्याचं. तिथं कवीनं लुडबुड करू नये. अंतरा गाळणं ही संपादकी झाली. आपल्या लिखाणावर ती आजवर कोणी केली, तुम्हाला ठाऊक आहे. आता आपलेच लोक पावती बघून करायला लागले.

डीजेचं तर बोलूच नका. मुखडा, ढोल, परत मुखडा. नाव शेवटाला असतं, तिथवर कोणी पोचतच नाही. साठ वर्षं विणलेलं असं उसवतं.

येत्या 14 एप्रिलला वाशिमला असा, कारंज्याला असा, नाहीतर मंगरूळपीरला, गायन शेवटपर्यंत ऐका. फर्माइशीची चिठ्ठी दहाच्या नोटेसोबत स्टेजवर जाते ना, तशी एक पाठवा. तीत लिहा : शेवटचा अंतरा म्हणा.