व्हॅलेंटाइनचा धडा आणि मार्जरीचे पत्र

१४ फेब्रुवारी जवळ आला की इंग्रजीच्या वर्गासाठी रचल्या जाणाऱ्या पाठांत लाल हृदये, गाळलेल्या जागा आणि गोड विशेषणे यांची गर्दी होते. विद्यार्थी शुभेच्छापत्र लिहितो खरा, पण ते कोणाला आणि कशासाठी, हे त्यालाच ठाऊक नसते. आमचा आक्षेप या दिवसाला नाही, या पोकळ भाषेला आहे. (संत व्हॅलेंटाइनचा सण सर्वसाधारण रोमन पंचांगातून १९६९ मध्येच वगळला गेला, हे जाता जाता.)

इंग्रजीतील सर्वांत जुने उपलब्ध व्हॅलेंटाइन-पत्र म्हणून जे ओळखले जाते, ते नॉरफॉक परगण्यातील मार्जरी ब्रूज हिने फेब्रुवारी १४७७ मध्ये जॉन पॅस्टन यास पाठविले. विवाहाची बोलणी हुंड्यावर अडली होती. वडील रक्कम वाढवीत नाहीत; तुमचे प्रेम खरे असेल तर एवढ्यासाठी मला सोडणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. व्याकरणाच्या तासाला आपण जर-तरची वाक्ये घोकून घेतो. येथे त्या ‘जर’वर एका मुलीचे आयुष्य टांगलेले आहे. आपल्याकडील मुलींना तो समजावून सांगावा लागणार नाही.

हे पत्र आजच्या इंग्रजीत वर्गात वाचावे आणि जॉनचे उत्तर विद्यार्थ्यांकडून, विशेषतः मुलग्यांकडून, लिहून घ्यावे. त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला, हे मात्र उत्तरे हाती आल्यावरच सांगावे.