वेगळेपणा आणि स्वत्व

नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाविषयी लिहिताना ‘वेगळा’ हे विशेषण आपण समीक्षक फार सढळ हाताने वापरतो. वेगळा कोणापासून, हे मात्र सहसा सांगत नाही. वेगळेपणाला तुलनेसाठी दुसरा कोणी तरी लागतो. स्वत्वाला लागत नाही. हा भेद बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

आसोद्यात जन्मलेल्या या निरक्षर कवयित्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. तिचा छंद ओवीच्या वळणाचा, म्हणजे जात्यावर बसणाऱ्या असंख्य बायकांचा. बोली घरातली, खानदेशी. विषय चूल, पेरणी, मळणी, सासर-माहेर. यातले काहीच तिच्या एकटीचे नाही. तरीही सुगरणीचा खोपा पाहताना ती पाखराच्या इवल्या चोचीशी माणसाच्या दहा बोटांचा हिशेब मांडते, तेव्हा हा हिशेब निसर्गाच्या शोभेवर लुब्ध झालेल्या कवीचा नाही, हातांनी राबणाऱ्या बाईचा आहे, हे लगेच जाणवते. तिला ‘निसर्गाचे लेकरू’ ठरवून मोकळे होणे मात्र मला मान्य नाही. एखाद्या वस्तूला तिचे नाव केव्हा शोभत नाही, हे ती कडव्यामागून कडव्यात ज्या नेमकेपणाने सांगत जाते, ती कारागिरी आहे. स्वाभाविक म्हणजे अनायास नव्हे.

मर्ढेकरांचेही असेच. ‘शिशिरागम’मध्ये (१९३९) बालकवींची छाया आहे, ‘काही कविता’मध्ये (१९४७) ती सरली, पण त्यांनी परंपरेकडे पाठ फिरवली नाही. यंत्रयुगाची व्यथा सांगण्यासाठी त्यांनी संतांचाच अभंग जवळ केला. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी इंग्रजी शब्द उचलले, यंत्रांच्या प्रतिमा उचलल्या. व्यथा उचलता येण्यासारखी नव्हती. पुढे बोलीचेही तेच झाले. ती कित्येकांच्या कवितेत दागिन्यासारखी मिरवू लागली.

अध्यापनाच्या आरंभीच्या काळात मी स्वतः बहिणाबाईंना लोकगीतांच्या प्रकरणात आणि मर्ढेकरांना नवकाव्याच्या प्रकरणात शिकवीत असे. सोय होती ती. ओवी आणि अभंग हे सख्ख्या नात्यातले छंद आहेत आणि ‘काही कविता’ व बहिणाबाईंची गाणी यांच्या प्रकाशनात अवघे पाच वर्षांचे अंतर आहे, एवढी गोष्टसुद्धा त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना माझ्याकडून कधी कळली नाही.