स्केल बार नसलेली अंतराळयानं

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत खाली एक आडवी रेघ असते आणि तिच्यावर '१ मायक्रॉन' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा स्केल बार. नुसतं '५००० पट मोठं केलंय' असं लिहून भागत नाही, कारण तोच फोटो पडद्यावर टाकला की पट बदलते. रेघ मात्र फोटोबरोबरच लहानमोठी होते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. आज हीच फूटपट्टी लावून एका संग्रहाकडे बघूया: 'स्टार ट्रेक: द ऑफिशियल स्टारशिप्स कलेक्शन'.

ब्रिटनच्या ईगलमॉस कंपनीने तो २०१३ मध्ये सुरू केला. दर पंधरवड्याला एक मासिक आणि सोबत मालिकेतल्या एका यानाचं छोटं मॉडेल. अशा प्रकाशनाला तिकडे पार्टवर्क म्हणतात. पहिला अंक स्वस्तात द्यायचा आणि पुढचे पूर्ण किमतीला विकायचे, हा या धंद्याचा जुना हिशोब. घेणारा पैसे मोजतो ते मॉडेलसाठी. मासिक त्याला वरचं बोनस वाटतं. मला मात्र यातलं खरं मोलाचं मासिकच वाटतं.

का ते सांगतो. सगळी मॉडेल्स साधारण एकाच मापाच्या खोक्यात बसवायची असल्याने प्रत्येकाचं प्रमाण वेगळं आहे. कथेत एंटरप्राइझ-डी ६४२ मीटर लांब आहे, डिफायंट तिच्यापुढे पिल्लू. कपाटात शेजारी ठेवली की दोघी बहिणी-बहिणी दिसतात! संग्रह जितका वाढतो, तितका आकारांचा अंदाज बिघडत जातो.

आता मासिक. त्याचा पुढचा भाग थोडा सपाट आहे. यान खरंच अस्तित्वात असल्यासारखं विश्वकोशी थाटात वर्णन, आणि सोबत लांबी, वेग, शस्त्रं यांचे आकडे. आकडा कुठून आला, अंदाज आहे की कुणी ठरवलाय, काही कळत नाही. आमच्याकडे असा तक्ता परीक्षकांनी परत पाठवला असता.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे क्लिंगॉन बर्ड-ऑफ-प्रे. १९८४ च्या 'स्टार ट्रेक ३' सिनेमात ते डझनभर माणसांचं छोटं यान आहे. १९९० च्या 'यस्टरडेज एंटरप्राइझ' या भागात तेच मॉडेल मोठी युद्धनौका म्हणून वापरलं. मॉडेल तेच, कॅमेऱ्यासमोरचं प्रमाण बदललं. म्हणजे इथे लांबी हा यानाचा गुणधर्म नाहीच, तो त्या त्या शॉटचा आहे. हे एका आकड्यात कसं मावणार?

ते मावतं मासिकाच्या मागच्या भागात. तिथे डिझायनरची कच्ची रेखाटनं, नाकारलेले पर्याय आणि मॉडेल कसं बांधलं याची हकिकत मिळते. एंटरप्राइझ-डीचं डिझाइन अँड्र्यू प्रोबर्ट यांचं. तिचं पहिलं सहा फुटी मॉडेल चित्रीकरणाला अवजड पडायचं, म्हणून पुढे ग्रेग जीन यांनी चार फुटी मॉडेल केलं. वुल्फ ३५९ च्या लढाईनंतरची भग्न जहाजं तर बाजारातल्या मॉडेल किटचे तुकडे जोडून केली होती, आणि काहींवर चक्क हायलायटर पेन चिकटवले होते. पडद्यावर ती काही सेकंदच दिसतात. ही माहिती खऱ्या वस्तूंबद्दलची आहे, तपासता येण्यासारखी आहे, आणि कोणतं माप कुठून आलं हे तिच्यातूनच उलगडतं. माझ्या मते संग्रहाचा स्केल बार हाच.

२०२२ मध्ये ईगलमॉस बंद पडली. मॉडेल्स आता हातोहात विकली जातात, पण पुष्कळदा मासिकाशिवाय. मॉडेल काचेच्या कपाटात जातं आणि कागद रद्दीत. म्हणजे टिकतं ते प्रमाण हरवलेलं खेळणं, आणि ज्यांनी हाताने ती जहाजं घडवली त्यांच्या कामाची नोंद मात्र जाते. संशोधनातही असंच होतं: चकचकीत आलेख सगळे जपून ठेवतात आणि ज्या वहीत उपकरणाची सेटिंग्ज लिहिलेली असतात ती हरवते. मग पाच वर्षांनी त्या आलेखाचं काय करायचं, कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा कुणाकडे हा संग्रह असेल, किंवा जुन्यातला घ्यायचा विचार असेल, तर आधी विचारा: मासिकं आहेत का? नसतील तर भाव पाडून मागा. आणि जागाच कमी पडत असेल, तर दोन-चार मॉडेल्स देऊन टाका, पण अंक ठेवा.