प्रश्न आजाराबद्दल, मोजमाप उपचाराचं

काही वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. बीएस्सी नर्सिंग झालेली, आयसीयूत काम करणारी मुलगी. अमेरिकेतल्या एका राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे लायसन्ससाठी अर्ज भरत होती आणि ‘हो / नाही’च्या एका चौकटीपाशी अडली होती. “ताई, थर्ड इयरला मी आठ महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या होत्या. हे लिहायचं का?”

मी म्हटलं, आधी प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखव. मानसिक आजाराचं निदान किंवा त्यावर उपचार कधी झाले आहेत का, असा तो प्रश्न होता. ‘कधी’ला काही मुदत नाही. सध्या कामावर परिणाम होतोय का, हे तर विचारलेलंच नव्हतं.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, मानसिक आरोग्य हा काही माझा विषय नाही. पण तिच्यासाठी म्हणून पेपर वाचायला घेतले आणि मग वाचतच गेले. त्यातल्या तीन पेपरांबद्दल आज लिहितेय, कारण तुमच्यापैकी बरेच जण लवकरच लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसणार आहेत, आणि तीन पेपर एकाला एक जोडून एक गुळगुळीत वाक्य कसं तयार होतं ते इथे छान दिसतं. ते वाक्य असं: ‘फॉर्मवर प्रश्न असतो म्हणून नर्स उपचार घेत नाहीत, प्रश्न काढला की घेतील.’ असा प्रश्न फॉर्मवर नसावा हे मला मान्य आहे. पण त्यासाठी दिलं जाणारं हे कारण मला कच्चं वाटतं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत नर्सचं लायसन्स केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. एनक्लेक्स ही परीक्षा सगळीकडे तीच, पण अर्ज ज्या-त्या बोर्डाचा. सरकारी संस्थांनी अपंगत्वावरून भेदभाव करू नये असं १९९०चा ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अॅक्ट’ सांगतो, आणि लायसन्स देणारी राज्यांची बोर्डं त्यात येतात. १९९३ साली न्यू जर्सीतल्या डॉक्टरांच्या संघटनेने तिथल्या मेडिकल बोर्डाच्या अशाच प्रश्नांना आव्हान दिलं, तेव्हा फेडरल कोर्टाने संघटनेची बाजू कायद्याने बळकट असल्याचं मत नोंदवलं. २०१४ मध्ये वकिलीच्या सनदेवरून लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला केंद्रीय न्याय विभागाशी समझोता करावा लागला. तिथला मुद्दा होता तो असा की माणसाचं वर्तन विचारा, त्याचं निदान नको.

आता पहिला पेपर. मार्गारेट जॉर्डन हाल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये राज्याराज्यांच्या नर्सिंग बोर्डांचे अर्ज गोळा केले आणि त्यातले मानसिक आजाराचे प्रश्न या कायद्याला धरून आहेत का ते तपासलं. अर्ध्याहून जास्त बोर्डं असे प्रश्न विचारत होती आणि त्यातल्या बहुतेकांचे प्रश्न कायद्याच्या चौकटीत बसत नव्हते. कुणी जुना इतिहास मागत होतं, कुणी ठरावीक आजारांची नावं घेत होतं, कुणी शारीरिक आजार सोडून फक्त मानसिक विचारत होतं, तर कुणी पुढे त्रास होईल का याचं भाकीत अर्जदाराकडूनच मागत होतं.

मला हा पेपर आवडला. एक तर पद्धत स्वस्त आहे. अर्ज सार्वजनिक आहेत, एकही माणूस तपासायचा नाही, एथिक्स कमिटीच्या फेऱ्या नाहीत, आणि तुम्ही उद्या उठून हेच काम पुन्हा करू शकता. ‘फंडिंग नाही म्हणून काही करता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी तर हा वाचावाच. पण तो काय सांगत नाही हेही बघा. ‘कायद्यात बसत नाही’ हा शिक्का संशोधकांनी मारलाय, कोर्टाने नाही. अर्ज बदलत राहतात, त्यामुळे हा त्या काळचा फोटो आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या डेटात नर्स कुठेच नाही, आहेत ते फक्त कागद. प्रश्न वाचून कुणी घाबरलं का, गोळ्या बंद केल्या का, खोटं लिहिलं का, यातलं काही इथून कळायला मार्ग नाही.

ही फट भरायला लोक डॉक्टरांकडे जातात. म्हणजे डॉक्टरांवर झालेल्या संशोधनाकडे. तो दुसरा पेपर, लिझलॉट डर्बी आणि सहकाऱ्यांचा, २०१७चा. त्यांनी ५८२९ डॉक्टरांच्या सर्व्हेतली उत्तरं त्या-त्या राज्याच्या अर्जाशी जुळवून पाहिली. जवळजवळ ४० टक्के डॉक्टर म्हणाले की लायसन्सवर परिणाम होईल या भीतीने ते मानसिक त्रासासाठी रीतसर उपचार घ्यायला कचरतील. ज्या राज्यांचे अर्ज फक्त सध्याच्या अडचणीपुरते नव्हते, तिथे असं म्हणण्याचा ऑड्स रेशो १.२१ होता.

बहुतेक रिव्ह्यूंमध्ये हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा आणि गणित करा. समजा चांगला अर्ज असलेल्या राज्यात १०० पैकी ३८ डॉक्टर कचरतात (हा ३८ मी उदाहरणासाठी घेतलाय). ऑड्स म्हणजे ३८ भागिले ६२, साधारण ०.६१. त्याला १.२१ने गुणलं की ०.७४. परत टक्केवारीत आणलं की होतात जेमतेम ४३. म्हणजे वाईट प्रश्नामुळे फरक पडला, असं जरी धरलं तरी शंभरात पाचाचा. आणि चांगला प्रश्न असूनही अडतीस जण कचरताहेतच की! त्यांना कशाची भीती आहे? हॉस्पिटलची? सहकाऱ्यांची? विमा कंपनीची? का आपल्या राज्याच्या अर्जात नक्की काय लिहिलंय हेच माहीत नाही आणि वाईटच असणार असं गृहीत धरलंय? मला शेवटची शक्यता बरीच वाटते, पण हा माझा अंदाज आहे, पेपरचा निष्कर्ष नाही.

शिवाय तो सर्व्हे ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एकानेच भरला होता. आणि ‘कचरेन’ असं म्हणणं वेगळं, खरोखर न जाणं वेगळं. एकाच वेळी घेतलेल्या सर्व्हेतून कारण आणि परिणाम सांगता येत नाही, हे लेखकांनाही माहीत आहे. त्यांचा पेपर वापरणारे मात्र हे विसरतात.

आणि डॉक्टरांवरून नर्सविषयी बोलायचं तरी कसं? २०२१ मध्ये ‘जामा सायकियाट्री’त २००७ ते २०१८ या काळातल्या अमेरिकेतल्या आत्महत्यांच्या नोंदींचा अभ्यास आला होता. सर्वसाधारण लोकांपेक्षा नर्सेसमध्ये धोका जास्त दिसला, डॉक्टरांमध्ये तसा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे प्रश्न ज्यांना जास्त भिडतो त्यांच्याबद्दलचा पुरावा आपण दुसऱ्याच गटाकडून उसना आणतोय. नर्सचा पगार वेगळा, शिफ्ट वेगळ्या, आणि फाइल तीन महिने अडकली तर घर चालवायची तिची ऐपतही वेगळी.

तिसरा पेपर कॅथरीन गोल्ड यांच्या गटाचा, २०१६चा. यात २१०६ महिला डॉक्टर आहेत, आई असलेल्या डॉक्टरांच्या एका बंद फेसबुक ग्रुपमधून घेतलेल्या. जवळजवळ निम्म्या जणींना वाटत होतं की आपल्याला कधी ना कधी मानसिक आजार होता, पण उपचार घेतले नाहीत. आणि ज्यांचं रीतसर निदान झालं होतं किंवा ज्यांनी उपचार घेतले होते, त्यांच्यापैकी फक्त ६ टक्क्यांनी ते राज्याच्या बोर्डाला कळवलं होतं.

हा ६चा आकडा ‘९४ टक्के खोटं बोलल्या’ अशा थाटात वापरला जातो. तो मोह आवरा. सगळी राज्यं विचारत नाहीत. काही फक्त सध्याचं विचारतात. म्हणजे त्या ९४मध्ये न सांगायचा पूर्ण अधिकार असलेल्या कितीतरी जणी असतील. छेद कुठला घेतलाय ते बघितल्याशिवाय टक्केवारी उचलू नका. (माझ्या गाइड हे वाक्य महिन्यातून दोनदा ऐकवतात. आता मीच ऐकवायला लागले.)

आता माझं म्हणणं. या तीन पेपरांवर ‘प्रश्न काढला की नर्स उपचार घेतील’ ही इमारत नीट उभी राहत नाही. पण त्यांच्यातच दुसरा, जास्त पक्का युक्तिवाद पडलेला आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तो असा, की हा प्रश्न जे मोजायचा दावा करतो ते मोजतच नाही.

बोर्डाची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडू. त्यांचं काम पेशंटचं रक्षण करणं हे आहे. रात्रपाळीला एकटी नर्स मॉर्फिनचा पंप लावतेय, ती भानावर असली पाहिजे, ही अपेक्षा अजिबात अवाजवी नाही. म्हणजे त्यांना मोजायचाय तो कामातला धोका. पण ‘उपचार झाले आहेत का’ या प्रश्नाला ‘हो’ कोण म्हणणार? जी डॉक्टरकडे गेली ती. गोल्ड यांच्या सर्व्हेतल्या त्या निम्म्या जणी आठवा, ज्यांना आजार वाटत होता पण दाखवला नाही. त्या ‘नाही’ लिहू शकतात, तेही खोटं न बोलता! बरी झालेली बाई चाळणीत अडकते आणि उपचार न घेतलेली सहज पार होते.

आमच्या लॅबमध्ये पाण्यातलं शिसं मोजणारा सेन्सर मिठालाच प्रतिसाद द्यायला लागला तर आम्ही तो बाद करू. इथे तर त्याहून वाईट आहे. हा सेन्सर गाळलेल्या पाण्यावर वाजतो आणि न गाळलेल्यावर गप्प बसतो. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात ‘वैधता म्हणजे काय’ यावर पाच मार्कांचं उत्तर पाठ करताना हे उदाहरण डोक्यात ठेवा.

या युक्तिवादाला सर्व्हेतल्या शंभरातल्या पाचांची गरज नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की प्रश्न काढल्यावर एकही नर्स जास्तीची उपचाराला गेली नाही, तरी तो टिकतो. ‘प्रश्न काढला की वागणूक बदलेल’ यावर सगळी भिस्त ठेवली आणि एक मोठा अभ्यास उलटा आला, तर चांगली सुधारणाही त्याच्याबरोबर बुडते.

हे नवीनही नाही. ब्रिटनच्या डिसॅबिलिटी राइट्स कमिशनने २००७ मध्ये नर्सिंग, शिक्षकी पेशा आणि समाजकार्य या तिन्ही व्यवसायांतल्या आरोग्याच्या अटींची चौकशी केली आणि त्या रद्द करा म्हणून सांगितलं. तिथली नर्सिंग कौन्सिल आज ‘चांगलं आरोग्य’ म्हणजे आजार नसणं असा अर्थ लावत नाही, सुरक्षितपणे काम करता येणं असा लावते. आपल्याकडच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही तिसऱ्या कलमात लिहिलंय की पूर्वीचे उपचार किंवा दाखल होणं एवढ्यावरून माणसाला आज किंवा पुढे मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. कागदावर आपण बरेच पुढे आहोत म्हणायचं.

माझ्या बहिणीने ‘हो’ लिहिलं. मीच तसं सांगितलं होतं. अर्जात खोटी माहिती देणं हे लायसन्स नाकारायला किंवा नंतर काढून घ्यायला स्वतंत्र कारण ठरू शकतं, आणि आजारापेक्षा ते कितीतरी जड पडतं. मग बोर्डाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र मागितलं. ते सायकियाट्रिस्ट तालुक्याच्या गावी बसायचे, तोवर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले होते. तिच्याकडे होती फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली सहा प्रिस्क्रिप्शनं, दोन तर वाचताही येत नव्हती. शेवटी इथे दुसऱ्या डॉक्टरांकडून नव्याने तपासणी, फी तिच्या खिशातून, आणि फाइल चार महिने जागेवर. लायसन्स मिळालं. मध्ये एकदा ती म्हणाली, “तेव्हा गेलेच नसते डॉक्टरकडे तर बरं झालं असतं ना गं?” या एका वाक्यावरून मी काही सिद्ध करू शकत नाही, सॅम्पल एकाचाच आहे. पण ते मला विसरताही येत नाही.

आता तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर. २०२२ मध्ये अमेरिकेत डॉ. लॉर्ना ब्रीन यांच्या नावाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. त्या न्यूयॉर्कमधल्या इमर्जन्सी डॉक्टर, २०२०च्या एप्रिलमध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत गेल्या. अर्जांतले प्रश्न बदलण्याची मोहीमही त्यांच्याच नावाने चालते. सगळी राज्यं आपले अर्ज एकाच दिवशी बदलत नाहीत. म्हणजे आधी बदलणारी आणि नंतर बदलणारी अशी तुलना आपोआप तयार होते, आणि जुने अर्ज इंटरनेट आर्काइव्हमध्ये शोधता येतात. काम किचकट आहे, पण लॅपटॉपवर बसून होण्यासारखं आहे. फक्त त्यात या वेळी नर्सेसना घ्या, आणि कचराल का असं विचारू नका, गेलात का असं विचारा.