माफ झालेलं कर्ज की विकलेला फ्लॅट? प्रश्न कुठे विचारायचा

पीएचडीच्या आराखड्याचा पहिला मसुदा गाईडसमोर ठेवला तेव्हा शीर्षक होतं, 'ज्येष्ठ नागरिकांची कर्जमाफी आणि आयकर'. त्यांनी वाचलं आणि एकच विचारलं, "चिंचवडच्या निवृत्त कामगाराला हा कर नेमका कुठे लागतो?" मला सांगता आलं नाही. आजची पोस्ट त्या चुकीवर आहे, कारण आराखडा लिहिताना तुमच्याकडूनही ती होऊ शकते.

मी प्रश्न उसना घेतला होता. अमेरिकेत बँकेने 600 डॉलर किंवा त्याहून जास्त कर्ज सोडलं की ती 1099-सी फॉर्म भरते आणि सोडलेली रक्कम साधारणपणे कर्जदाराचं उत्पन्न धरली जाते. देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर सूट मिळते. तिथे या विषयावर भरपूर लेखन आहे. मी ते वाचलं आणि भारतातला जोड शोधायला निघालो.

सापडला तो महिंद्रा अँड महिंद्राचा खटला. कंपनीने कैसर जीपकडून यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या कर्जातले 57,74,064 रुपये पुढे माफ झाले. ही रक्कम कंपनीचं उत्पन्न नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 24 एप्रिल 2018 ला सांगितलं. कलम 28(iv) मधला 'लाभ' रोख रकमेचा नसतो, आणि या कर्जावर आधी वजावट घेतलेली नसल्याने कलम 41(1) ही लागत नाही, असा तर्क होता. संसदेने 2023 च्या वित्त कायद्याने 28(iv) मध्ये रोख लाभही आणला. हा निकाल आपल्याकडे 'कर्जमाफीवर कर नाही' असा सरसकट उद्धृत होतो. मीही तेच केलं. पण ही दोन्ही कलमं धंद्याच्या उत्पन्नाची आहेत. पेन्शनरच्या घरगुती कर्जाशी त्यांचा संबंधच येत नाही, ना 2018 च्या निकालाचा, ना 2023 च्या बदलाचा.

मग कर लागतो कुठे? पिंपरी-चिंचवडच्या खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला बहुधा ईपीएस-95 ची पेन्शन असते. किमान 1,000 रुपये, तेही सप्टेंबर 2014 पासून, आणि महागाई भत्ता नाही. एवढ्यावर बँकेशी तडजोड करायला पैसा येणार कुठून? आयुष्यभराची एकच मोठी वस्तू असते, ती म्हणजे राहता फ्लॅट. तडजोडीची रक्कम तो विकूनच उभी राहते. सुटलेल्या रकमेवर नाही, तर या विक्रीवर कर बसतो.

एक कल्पित उदाहरण करू. फ्लॅटची 1 एप्रिल 2001 ची किंमत 10 लाख, 2025-26 मध्ये विकला 60 लाखांना. महागाई निर्देशांक 100 वरून 376 झाला, म्हणजे खरेदी किंमत 37.6 लाख आणि नफा 22.4 लाख. पेन्शन अगदी थोडी आहे, तेव्हा न वापरलेली 4 लाखांची मूळ सूट वजा करून 20 टक्क्यांनी, उपकरासह, सुमारे 3.83 लाख कर येतो. निर्देशांकाशिवायचा 12.5 टक्क्यांचा पर्याय इथे महाग पडतो. '12 लाखांपर्यंत कर नाही' हे ऐकून निर्धास्त राहू नका, ती रिबेट या नफ्याला मिळत नाही. नवं घर घेतलं तर कलम 54 आहे, पण पैसे तर बँकेने घेतले.

बँकेने घेतलेले पैसे नफ्यातून वजा का होत नाहीत? याचं उत्तर दोन निकालांत आहे. अत्तिली एन. राव (2001) प्रकरणात सरकारने गहाण मालमत्ता लिलावात विकून आपली थकबाकी कापून घेतली, तरी कर पूर्ण किमतीवरच्या नफ्यावर लागला. आर. एम. अरुणाचलम (1997) प्रकरणात न्यायालयाने फरक केला. गहाण मालकाने स्वतः ठेवलं असेल तर ते सोडवण्याचा खर्च वजा होत नाही. आधीच्या मालकाने ठेवलं असेल आणि वारसाने सोडवलं, तर तो खर्च त्याच्या खरेदी किमतीत धरला जातो.

यामागचा तर्क कच्चा नाही. गहाण वजा होऊ दिलं तर घरावर कर्ज काढून खर्च करणारा प्रत्येकजण करातून सुटेल. पण मुलाच्या धंद्यासाठी घर गहाण ठेवणाऱ्या वडिलांना त्या कर्जातला रुपयाही मिळालेला नसतो. त्यांनी जिवंतपणी घर विकून कर्ज फेडलं तर वजावट नाही. त्यांच्या पश्चात मुलाने फेडलं तर वजावट आहे. माझा आक्षेप इथे आहे. 2008 मध्ये याच कायद्याने रिव्हर्स मॉर्गेजचे हप्ते करमुक्त केले आणि ते गहाण म्हणजे हस्तांतरण नव्हे असंही म्हटलं. म्हणजे म्हातारपणी घर गहाण ठेवणाऱ्याचा वेगळा विचार करायला कायद्याला जमतं.

आराखडा लिहिताना आधी हे तपासा की पैसा कुणाच्या हातातून कुणाकडे जातो आणि कर कोणत्या टप्प्यावर लागतो. निकाल त्यानंतर शोधा. (1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत. वरचे आकडे 1961 च्या कायद्यातले आहेत.) माझ्या आराखड्याचं शीर्षक आता 'ज्येष्ठांची घरविक्री, कर्जफेड आणि भांडवली नफा' असं आहे. गाईडनी अजून होकार दिलेला नाही, पण या वेळी निदान "कुठे?" असं विचारलं नाही.