एका आकड्याचे रसग्रहण

२४,६६,०६,११,०३,०७९.४ किलोहर्ट्झ. त्यापुढे कंसात ५.४. एप्रिल २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधातली ही ओळ मला अलीकडच्या विज्ञानातली सर्वांत देखणी ओळ वाटते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘अल्फा’ गटाने सापळ्यात धरलेल्या प्रतिहायड्रोजन अणूंचा हा सूर आहे. अणूला सर्वांत खालच्या पातळीवरून वरच्या एका ठरावीक पातळीवर चढवायला नेमक्या किती कंपनांचा प्रकाश लागतो, ते हा आकडा सांगतो.

बोदवडला बसून याविषयी लिहिताना विषय परका वाटत नाही. रावेर-यावलच्या केळ्यात पोटॅशियम असते, त्यातला अगदी थोडा अंश किरणोत्सारी असतो आणि एका केळ्यातून तास-दोन तासांत एखादा पॉझिट्रॉन, म्हणजे प्रति-इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो. शेजारच्या इलेक्ट्रॉनला भिडून तो लगेच संपतो. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३६ मध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचे गणित मांडले. जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ आजही त्या क्रियेला भाभांच्याच नावाने ओळखतात. भाभांना या दोघांची भेट हवी होती. ‘अल्फा’ची सगळी खटपट ती भेट टाळण्यासाठी आहे.

कारण प्रतिद्रव्य ठेवायचे कशात? कोणतेही भांडे घ्या, ते द्रव्याचेच. प्रतिप्रोटॉनभोवती एक पॉझिट्रॉन असा हा अणू विद्युतभाररहित असतो, पण त्याला किंचित चुंबकत्व असते. तेवढ्या आधारावर त्याला निर्वात पोकळीच्या मध्यभागी, चुंबकीय क्षेत्र सर्वांत क्षीण असते तिथे, अडवून धरतात. हा खळगा इतका उथळ की निरपेक्ष शून्याच्या वर साधारण अर्ध्या अंशाहून गरम अणू त्यातून निसटतो. २०१० मध्ये ३८ अणू सेकंदाच्या सहाव्या हिश्शाइतका वेळ टिकले. पुढच्याच वर्षी अणू १,००० सेकंद धरून ठेवता आले.

आता खरी खुमारी. सापळ्यातल्या अणूंवर २४३ नॅनोमीटरचा अतिनील लेसर समोरासमोरच्या दोन दिशांनी टाकतात. अणू दोन्हींकडून एकेक प्रकाशकण घेतो, त्यामुळे त्याच्या धावण्याने एका बाजूला वाढलेले कंपन दुसऱ्या बाजूला तेवढेच घटते. मोजमापातला मोठा गोंधळ असा मुळातच मिटतो. ही रचना मला फार आवडते. सूर जुळला की अणू वर चढतो. मग आणखी एक प्रकाशकण त्याचा पॉझिट्रॉन उडवतो, किंवा त्याचे चुंबकत्व उलटते आणि सापळा त्याला धरू शकत नाही. तो भिंतीला लागून नष्ट होतो आणि त्यातून उडालेले कण सिलिकॉनचा शोधक टिपतो. आपला सूर हा अणू नाहीसा होतानाच सांगतो. लेसरचे कंपन थोडे-थोडे सरकवत, कुठे किती अणू गेले हे मोजत, सुमारे १५,००० अणू खर्चून त्या सुराची रेघ उमटली.

याच चुंबकीय क्षेत्रात साधा हायड्रोजन असता तर? गणित सांगते: शेवटचे आकडे ०७९.४ ऐवजी ०८०.३. फरक ०.९ किलोहर्ट्झचा, आणि मोजणाऱ्यांनी स्वतः मान्य केलेली अनिश्चितता ५.४ ची. म्हणजे एक लाख कोटीत दोन भाग इतक्या बारकाईने पाहिले तरी दोघांचा सूर एकच. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना कान ज्या क्षणी निवांत होतो, तो हा क्षण.

पण हा निवांतपणा टोचणारा आहे. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असे मानले, तर आज सगळीकडे द्रव्यच का उरले? कुठेतरी फरक असायला हवा. हा आकडा सांगतो: इथपर्यंत तरी तो नाही. आणि कंसातला ५.४ सांगतो, आमची नजर कुठवर पोचली. आकड्याइतकाच मोठा मान मी त्या कंसाला देतो.

२०२३ मध्ये याच गटाने प्रतिहायड्रोजन खाली पडतो हे दाखवले. उभ्या सापळ्याचे चुंबक हळूहळू सैल केले, तेव्हा सुमारे ८० टक्के अणू खालून आणि २० टक्के वरून निसटले. साध्या हायड्रोजनचेही तसेच झाले असते. गुरुत्वत्वरण नेहमीच्या ०.७५ पट निघाले, पण अनिश्चितता एवढी मोठी की पूर्ण १ शी त्याचा विरोध नाही. त्या बातमीचा गाजावाजा जास्त झाला. प्रतिद्रव्य वर पडत नाही हे प्रत्यक्ष पाहायलाच हवे होते, पण तो पहिला, ढोबळ हात आहे. कलाकृती म्हणून माझे मत २०१८ च्या निबंधालाच.

तो निबंध कुणालाही मोफत वाचता येतो. बोदवड, भुसावळ, जामनेरकडे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो जरूर वर्गात न्यावा. हायड्रोजनचा वर्णपट अभ्यासक्रमात आहेच.