डायटम सापडला, म्हणजे माणूस बुडूनच मेला?

संशोधन करायचं म्हणजे आधी दुसऱ्याचं संशोधन नीट वाचता आलं पाहिजे. आज त्यासाठी न्यायवैद्यक शास्त्रातली एक जुनी आणि वादग्रस्त चाचणी घेऊ. पाण्यात मिळालेल्या मृतदेहावर केली जाणारी डायटम चाचणी.

उदाहरण म्हणून वेंगुर्ल्याचा किनारा डोळ्यांसमोर ठेवा. मांडवीची खाडी, मोचेमाडची खाडी, शिरोड्याची मिठागरं, घरोघरी विहिरी आणि समोर अरबी समुद्र. इथे पाण्यात मृतदेह मिळाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागतं. पंचनामा होतो, मग पोस्टमॉर्टेम. डॉक्टरांपुढचा प्रश्न असा: माणूस पाण्यात जिवंत गेला, की मेल्यावर त्याला पाण्यात टाकलं? घरच्यांसाठी अपघात की घातपात, हे या उत्तरावर ठरायला लागतं. विम्याचा दावाही त्यावर अडतो.

चाचणीमागचा तर्क

डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल. मराठी विश्वकोशात यांना करंडक वनस्पती म्हटलंय, कारण कवच झाकणाच्या डबीसारखं असतं. बुडणारा माणूस पाणी फुप्फुसात ओढतो. तिथल्या बारीक भिंती फाटतात, छोटे डायटम रक्तात शिरतात आणि हृदय चालू असेल तोवर यकृत, मूत्रपिंड, हाडातल्या मगजापर्यंत पोचतात. मेलेल्याचं रक्त फिरत नाही, त्यामुळे मगजात डायटम जायला नकोत. म्हणून मांडीचं हाड घेतात, मगज नायट्रिक आम्लात जिरवतात आणि उरलेली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. रेव्हेनस्टॉर्फने १९०४ मध्ये फुप्फुसातले डायटम वापरले, इन्त्सेने १९४२ मध्ये इतर अवयवांतले. तर्क सुंदर आहे. पण सुंदर तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

कुठे कुठे गळतं?

एक: डायटम सगळीकडे आहेत. पिण्याच्या पाण्यात, भाजीवर, शिंपल्यांत, प्रयोगशाळेच्या नळात, कधी रसायनांतही. पाण्याशी संबंध नसलेल्या मृत्यूंतही अवयवांत थोडे डायटम मिळाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ‘सापडला’ एवढं पुरत नाही. किती सापडले, कोणत्या जातीचे, आणि रिकाम्या नमुन्यात किती होते, हे सांगावं लागतं.

दोन: न सापडणं म्हणजे बुडाला नाही असं नाही. पाण्यात डायटम कमी असतील, मृत्यू झटकन झाला असेल, तर मगज कोराच राहतो. समुद्राचा त्रास आणखी वेगळा. आपल्या किनाऱ्यावर मिळणारा कॉसिनोडिस्कस बऱ्याचदा इतका मोठा असतो की फुप्फुसाच्या गाळणीतून जाणं अवघड. कीटोसेरॉसचं कवच इतकं नाजूक की उकळत्या आम्लात टिकेल याचा भरवसा नाही. चाचणी समुद्रातल्या मृत्यूला आणि गोड्या पाण्यातल्या मृत्यूला सारखा न्याय देत नाही.

तीन: तुलनेचं पाणी. शरीरातले डायटम आणि घटनास्थळाचे डायटम जुळले पाहिजेत. पण घटनास्थळ कोणतं? मोचेमाडच्या खाडीत पडलेला माणूस ओहोटीने समुद्रात जाऊन भलत्याच किनाऱ्याला लागू शकतो. पोलीस पाणी घेतात ते मृतदेह मिळाला तिथलं. त्यात जूनमध्ये खाडीला पूर आला की खारेपणा बदलतो आणि डायटमही बदलतात. पंधरा दिवसांनी घेतलेली बाटली त्या दिवसाचं पाणी नसते.

खरी अडचण अभ्यासाच्या रचनेत

हा भाग संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी दोनदा वाचा. या चाचणीवरचा एखादा अभ्यास म्हणतो, ‘बुडून मेलेल्या इतक्या टक्के लोकांत चाचणी सकारात्मक आली.’ तुमचा पहिला प्रश्न हवा: ते बुडूनच मेले हे कुणी ठरवलं, आणि कशावरून? ठरवताना डायटमचा अहवालही समोर असेल, तर चाचणीने स्वतःच्याच पेपराला मार्क दिले. साक्षीदारांसमोर बुडालेले लोकच धरायला हवेत.

आता आकडे बघू. हे फक्त समजुतीसाठी घेतलेत. समजा चाचणी बुडालेल्या १०० पैकी ७० जणांना ओळखते आणि न बुडालेल्या १०० पैकी ३० जणांना चुकून ‘बुडाला’ म्हणते. पाण्यात मिळालेल्या १०० मृतदेहांपैकी ९० जण खरंच बुडालेले असतील तर ६३ बरोबर आणि ३ चूक, म्हणजे ६६ सकारात्मक अहवालांपैकी ९५ टक्के खरे. वा! पण ही कमाल चाचणीची नाही, पाण्यात मिळालेले बहुतेक लोक बुडालेलेच होते त्याची आहे. आता फक्त संशयास्पद २० मृतदेह घ्या, निम्मे बुडालेले, निम्मे नाही. ७ बरोबर, ३ चूक. दहात तीन अहवाल खोटे. आणि चाचणी लागते ती नेमकी अशाच प्रकरणांत.

उत्तर नेमकं कोणत्या प्रश्नाचं?

५ मार्च २०२१ ला मुंब्र्याच्या रेतीबंदर खाडीत ठाण्याच्या एका व्यापाऱ्याचा मृतदेह मिळाला. आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली, दोन दिवसांत दहशतवादविरोधी पथकाने खुनाचा गुन्हा दाखल केला. त्या काळात बातम्यांत डायटम चाचणी झळकली आणि ‘पाण्यात पडताना जिवंत होता का’ यावर चर्चा रंगली. समजा उत्तर ‘हो’ आलं, तरी काय सिद्ध होतं? बेशुद्ध करून पाण्यात टाकलेला माणूसही जिवंतच असतो. चाचणी फार तर यंत्रणा सांगेल. अपघात, आत्महत्या की खून, हे तिच्या कक्षेत येत नाही. ते ठरतं अंगावरच्या जखमा, व्हिसेरा, फोन, साक्षीदार, भरती-ओहोटीची वेळ हे सगळं एकत्र ठेवून.

मग चाचणी फेकून द्यायची?

माझ्या मते नाही. सीलबंद मगज, रिकामे नमुने, जात आणि संख्या दोन्हींची नोंद, त्याच दिवशीचं पाणी एवढं पाळलं तर ती पूरक पुरावा म्हणून उपयोगी आहे. कोकणासाठी खरी उणीव वेगळी आहे. खाड्यांच्या मुखाशी, आत गोड्या पाण्याकडे आणि खुल्या समुद्रात, वर्षभर दर महिन्याला घेतलेल्या डायटमची यादी तपासयंत्रणेच्या हाताशी हवी. समुद्रशास्त्राची संस्था शेजारी गोव्यात दोना पावलाला आहे, न्यायवैद्यकाचे विभाग वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. दोघांनी एका टेबलावर बसायचं काम आहे. विषय शोधताय ना? हा घ्या.

आणि पुढच्या वेळी कुठलाही पेपर उघडलात की निष्कर्षाआधी तीन गोष्टी शोधा: तुलनेचा गट कोणता, खरं उत्तर कशावरून ठरवलं, आणि ते उत्तर ठरवणाऱ्याला चाचणीचा निकाल आधी माहीत होता का. तिसऱ्याचं उत्तर बऱ्याच पेपरांत लिहिलेलंच नसतं. ते नसणं हीसुद्धा एक माहिती आहे, वहीत टिपून ठेवा.